वेशभूषेचं हेल्मेट पुढे झुकतं, कपाळात रुततं, काच धुरकटते: नेमकं कुठे चुकतं आणि कसं सुधारायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. घरी आरशासमोर घातलं तेव्हा हेल्मेट छान बसलं होतं. दहा मिनिटांनी ते पुढे झुकायला लागलं, वीस मिनिटांनी कपाळावर वळ उठला, अर्ध्या तासात मान भरून आली आणि काच धुरकटली. मग आत आणखी थोडा फोम कोंबला जातो, तोही कपाळापाशी, कारण दुखतं तिथेच. पुढच्या वेळी पुन्हा तेच, फक्त जरा जास्त घट्ट.

फोम कमी पडलाय असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी असतो. हेल्मेटचं वजन टाळूवर टेकायला हवं, आणि हेल्मेट मागून धरलं जायला हवं, डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली. कपाळ आणि कानशिलं यांचं काम फक्त हेल्मेट सरळ ठेवायचं. वजन कपाळावर आलं की दुखतं, मागचा आधार नसला की डुलतं. बाकीचे बरेचसे त्रास या दोन चुकांतून सुरू होतात.

हे सगळं फक्त पोशाखाच्या हेल्मेटसाठी आहे. कितीही छान बसलं तरी ते घालून दुचाकी चालवायची नाही. त्याचं कवच धक्का शोषायला बनवलेलं नसतं.

आधी माप, मग फोम

शिंप्याची टेप भुवयांच्या वर सुमारे २ सेंमी ठेवून मागच्या उंचवट्यावरून फिरवा. प्रौढांचा घेर सहसा ५४ ते ६२ सेंमी भरतो. पण नुसता घेर फसवतो: ५८ सेंमी घेराचं एक डोकं लांबट असतं, दुसरं गोल. म्हणून लांबी आणि रुंदी वेगळी मोजा. मागचा उंचवटा भिंतीला टेकवून उभं राहा, कपाळाला एक जाड पुस्तक भिंतीला समांतर धरायला सांगा आणि भिंत ते पुस्तक अंतर घ्या. ही लांबी. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना पुस्तकं लावून रुंदी घ्या. आता हेच हेल्मेटच्या आत, त्याच उंचीवर मोजा.

दोन्हींतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे प्रत्येक बाजूला मिळणारी जागा. ती १५ ते २५ मिमी असेल तर काम सोपं आहे. १० मिमीपेक्षा कमी असेल तर जाड गाद्या विसरा, ५ मिमीच्या ईव्हीए फोमवर (चपलेच्या तळाला असतो तसा घट्ट, रबरी फोम) भागवा. ४० मिमीहून जास्त असेल तर फोमचे उंच ठोकळे लावू नका, ते बाजूला कलंडतात आणि डुलणं वाढतंच. अशा मोठ्या कवचात कामगारांच्या सुरक्षा हेल्मेटमधली आतली जाळी बसवा, मागे चाकी फिरवून आवळता येणारी. ती सुटी मिळते, तिचा मागचा पट्टा आधीच योग्य जागी येतो आणि टाळूवर हवा खेळायला जागा राहते. जाळीचे हुक मूळ हेल्मेटच्या खाचांसाठी असतात. तुमच्या कवचात त्यांच्यासाठी ईव्हीए किंवा प्लॅस्टिकचे चार छोटे ठोकळे चिकटवून त्यांना खाच पाडावी लागेल.

नेमकं कुठे टेकतंय ते पाहा

अंदाजाने फोम कापण्याआधी पंधरा मिनिटं यासाठी द्या. पांढरी, घट्ट बसणारी सुती टोपी घाला. हेल्मेटच्या आतल्या प्रत्येक उंचवट्यावर, गादीवर आणि स्क्रूच्या टोकावर लिपस्टिकचा किंवा रंगीत खडूचा पातळ थर द्या. हेल्मेट घालून दोन मिनिटं चाला, मान हलवा, सरळ वर उचलून काढा. टोपीवर जिथे रंग गडद उमटला तिथे ते रुततंय. जिथे गादी असूनही काहीच उमटलं नाही, ती गादी नुसती शोभेची आहे.

मग तीन हालचाली करून बघा. मान होकारार्थी जोरात हलवा: हेल्मेट उशिरा मागे येत असेल तर मागचा आधार नाही. नकारार्थी हलवा: डोकं वळतं पण हेल्मेट जागेवरच राहत असेल तर कानशिलांच्या बाजू सैल आहेत. शेवटी वाकून स्वतःच्या पायाची बोटं बघा: हेल्मेट नाकावर घसरलं तर मागची गादी उंचवट्याच्या वर बसली आहे, किंवा मुळी नाहीच.

कागदाची २ सेंमी रुंद पट्टीही उपयोगी पडते. ती डोकं आणि गादी यांच्या मध्ये सरकवा आणि ओढा. अडखळत निघाली तर ठीक. अलगद निघाली तर तिथे सैल आहे, फाटली तर जास्त घट्ट.

पुढे झुकणं आणि डुलणं

बहुतेक पोशाखी हेल्मेटांत चेहऱ्याचा भाग जड असतो: काच, जबड्याचं प्लॅस्टिक, कधी दिवे. त्यामुळे वजनाचा मध्य कानाच्या पुढे जातो आणि मान सतत मागे ओढून धरावी लागते. मान भरून येते ती यामुळे.

आतलं सगळं जुनं पॅडिंग काढून टाका. अर्धवट ठेवून दुरुस्ती करायला गेलात तर कोणती गादी काय करतेय ते कळत नाही. मग या क्रमाने भरा, क्रम बदलू नका.

१. टाळू. आधी फोम न लावता घडी घातलेला रुमाल ठेवा आणि डोळे काचेच्या मधोमध येईपर्यंत घड्या वाढवा किंवा कमी करा. टाळूची जाडी १० मिमीने वाढवली की हेल्मेट १० मिमी वर जातं आणि डोळे काचेत तेवढेच खाली येतात. हवी ती जाडी मिळाली की रुमाल हाताने घट्ट दाबून मोजा. फोम त्याहून सुमारे ५ मिमी जास्त घ्या, कारण तो दबणार आहे. एक सलग गोल चकती लावण्यापेक्षा साधारण ५ × ७ सेंमीचे चार तुकडे लावा आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हासारखी १५ मिमीची वाट सोडा. उष्णता त्या वाटेने बाहेर पडते, आणि टाळूच्या मधल्या नाजूक जागेवर दाब येत नाही.

२. मागचा आधार. इथे सगळं ठरतं. डोक्याच्या मागे बोट वरून खाली सरकवत न्या. उंचवटा लागतो, तो ओलांडला की कवटी मानेकडे आत वळते. गादी त्या वळणावर बसायला हवी. आकार साधारण १० ते १२ सेंमी रुंद, ४ ते ५ सेंमी उंच, चंद्रकोरीसारखा. मध्यभागी जाडी २० ते २५ मिमी, टोकांना १० मिमी. शिवाय ती पाचरीसारखी कापा, वर पातळ आणि खाली जाड, म्हणजे ती उंचवट्याला खालून कवेत घेईल. हीच गादी २ सेंमी वर, ऐन उंचवट्यावर लावली तर ती हेल्मेट धरत नाही, उलट पुढे ढकलते. सर्वात जास्त दिसणारी चूक हीच, आणि तिच्यावर उतारा म्हणून लोक कपाळावर फोम वाढवत बसतात.

३. कानशिलं. दोन्ही बाजूंना १० ते १५ मिमी, मऊ. कानाच्या वर आणि थोडं पुढे. कानावर कधीच नाही.

४. कपाळ. सगळ्यात शेवटी, ५ ते ८ मिमी, नुसतं टेकण्यापुरतं. पहिल्या तीन गाद्या बरोबर असतील तर इथे जवळपास काही लागत नाही.

प्रत्येक गादीनंतर तिन्ही हालचाली पुन्हा करा. कायमचं चिकटवण्याआधी कागदी टेपने धरून बघा.

कधी मानेची बाजू इतकी अरुंद असते की मागची गादी लावली की डोकंच आत जात नाही. तेव्हा गादी फक्त खालच्या कडेने कापडी बिजागरीवर लावा आणि हेल्मेट घातल्यावर बोटाने आत ढकला. किंवा ३० मिमी रुंद इलॅस्टिकची पट्टी कवचाच्या दोन बाजूंना रिव्हेटने ताणून बसवा आणि गादी तिच्यावर शिवा. आत जाताना ती ताणते, मग परत येऊन उंचवट्याखाली बसते.

मागे वजन लावून तोल साधायचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. आमच्या मते तो शेवटचा उपाय आहे, कारण एकूण वजन वाढतं आणि ते मानेवरच येतं. आधी पुढचं वजन कमी करा: जाड रेझिनचा थर आतून घासा, दिव्यांची बॅटरी पुढून काढा. बॅटरी कंबरेला न्यायची नसेल आणि हेल्मेटमध्येच ठेवायची असेल तर मागे, कवचाच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. आहे तेच वजन कामाला येतं.

फोम कोणता

दोन बोटांनी जोरात दाबा. बोटं तळाला लागली तर तो फोम वजनाखाली सपाट होणार. गादीचा साधा स्पंज असाच असतो. घरी छान बसलेलं हेल्मेट अर्ध्या तासात खाली उतरतं ते त्यामुळे. शिवाय तो घाम पितो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक राहतो, म्हणून तो एकटा वापरला तर पहिली पाच मिनिटं टोचतो आणि नंतर जास्तच दबतो. सर्वात टिकाऊ जोडी म्हणजे कवचाच्या बाजूला १० मिमी ईव्हीए आणि डोक्याच्या बाजूला ५ ते १० मिमी मेमरी फोम, वर घाम शोषणाऱ्या जाळीदार कापडाचं आवरण. ईव्हीए बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही, आकार धरून ठेवतो. लष्करी पद्धतीच्या हेल्मेटांच्या तयार गाद्यांचा सात नगांचा संच मिळतो, १९ किंवा २५ मिमी जाडीचा. कापाकापी नको असेल तर तो घ्या.

गाद्या कवचाला थेट चिकटवू नका. वेल्क्रोची खरखरीत बाजू कवचाला, मऊ बाजू गादीला. त्यामुळे गादी ५ मिमी सरकवून बघता येते आणि काढून धुता येते. उलट केलंत तर गादी काढल्यावर कवचातली मऊ बाजू घामाने कुबट होते आणि ती धुता येत नाही.

वेल्क्रोच्या मागचा तयार गोंद घामाने आणि उबेने सुटतो. सुटला की गादी सरकते आणि मग वाटतं की माप चुकलं. आधी कवच ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरने घासा, धूळ पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. ॲक्रिलिकच्या भागाला मात्र अल्कोहोल लावू नका, त्यात बारीक तडे जातात. मग फायबरग्लास किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या कवचावर एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक गोंद) लावा. ईव्हीएवर रबरी काँटॅक्ट अॅडेसिव्ह, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकवायचं आणि मगच जोडायचं. आत थर्माकोल असेल तर हा गोंद तो विरघळवतो. हॉट ग्लू तात्पुरता ठीक आहे, पण उन्हात मऊ पडतो. पातळ प्लॅस्टिकच्या कवचावर तर त्याच्या उष्णतेने बाहेरून फुगवटा दिसतो. पीएलएची (थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची) प्रिंट ६० अंश सेल्सियसच्या आसपास नरम पडते. बंद गाडीत उन्हात ठेवलेलं असं हेल्मेट वाकडं झालं की कोणतंही पॅडिंग त्याला सरळ करत नाही.

वळ, टोचणं, खाज

जिथे दुखतं तिथे फोम वाढवायचा नाही. तिथला फोम कापून काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचा, म्हणजे वजन शेजारच्या जागेवर जाईल. भुवईच्या वरच्या हाडावर वळ असेल तर कपाळाच्या गादीत त्या जागी बोटभर रुंद खाच पाडा. वीस मिनिटांनी उठलेली लाली हेल्मेट काढल्यावर लवकर मावळली तर काळजी नाही. अर्ध्या तासानंतरही दिसत असेल तर ती जागा मोकळी करायलाच हवी.

कवचाची कड मानेला लागत असेल तर गाडीच्या दरवाज्याला लावतात तशी इंग्रजी यू आकाराची रबरी किनार चढवा. स्क्रू आत डोकावत असेल तर त्यावर फोम ठेवू नका, स्क्रू कापा. फायबरग्लासची आतली बाजू खाजत असेल तर उघडे धागे ओल्या सँडपेपरने घासा, श्वसनमास्क आणि हातमोजे घालूनच, आणि वर रेझिनचा पातळ हात द्या. नुसतं कापड चिकटवलं तर धागे त्यातून वर येतात.

चष्मा

कानशिलाच्या गाद्या चष्म्याच्या काड्यांना दाबतात आणि कानामागे कळ येते. गादीत काडीच्या उंचीवर आडवी १० मिमी रुंद, ८ मिमी खोल वाट कापा. काच उघडणारी असेल तर आधी हेल्मेट घाला, मग समोरून चष्मा सरकवा. सरळ, पातळ काड्यांची फ्रेम वाकड्या काड्यांपेक्षा खूप सोपी जाते.

काच धुरकटणं

श्वासातली दमट, उबदार हवा थंड काचेला लागली की थेंब जमतात. म्हणून उपाय तीनच: श्वास काचेपासून दूर वळवा, दमट हवा बाहेर काढा, थेंब जमू न देणारा थर द्या. फवारा मारून थांबणाऱ्यांना तासाभराने पुन्हा तोच त्रास होतो, कारण पहिल्या दोन गोष्टी तशाच राहतात.

श्वास वळवायला नाकाच्या हाडावर बसणारी निओप्रीनची किंवा मऊ फोमची पट्टी लावा, आत वाकणारी तार घालून. तोंडाच्या खाली, हनुवटीपाशी हवा निघायला जागा हवी. काचेच्या वरच्या कडेला ३ ते ५ मिमीची फट ठेवली तर उबदार हवा तिथून वर निघते आणि बाहेरून ती सहसा दिसत नाही.

थरासाठी भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आतल्या बाजूला बोटाने पसरा आणि न धुता मऊ कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसा. आरशासारखा मुलामा असलेल्या काचेवर आधी कोपऱ्यात करून बघा. अमोनिया असलेला काच साफ करायचा द्रव आणि ॲसिटोन प्लॅस्टिकच्या काचेला लावू नका. कोरड्या कापडाने घासल्यास ओरखडे पडतात.

पंखा लावला तरी उकडतं

बंद हेल्मेटात पंखा हवा ढकलतो खरा, पण तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती आतच फिरते. पंख्याच्या तोंडाएवढी तरी वाट दुसऱ्या बाजूला हवी. ४० मिमीचे ५ व्होल्टचे दोन पंखे पुरतात: एक गालाच्या बाजूने बाहेरची हवा आत घेऊन काचेवर सोडणारा, दुसरा मागे वर, दमट हवा बाहेर फेकणारा. दोन्ही आत फेकणारे लावले तर ते एकमेकांविरुद्ध काम करतात. हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा बाण बहुतेक पंख्यांच्या कडेवर असतो. नसेल तर टिश्यूचा तुकडा धरून बघा.

पंखा थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो, ही तक्रार फार येते आणि दोष पंख्याचा नसतो. असा पंखा साधारण ०.१ ते ०.२ अँपियर घेतो. पुष्कळ पॉवर बँक इतक्या कमी प्रवाहाला काही जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात. दोन्ही पंखे समांतर जोडा, किंवा कमी प्रवाहाची सोय असलेली पॉवर बँक घ्या. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर एकतर सुस्त फिरतो किंवा सुरूच होत नाही. घरघर डोक्यात घुमत असेल तर पंखा स्क्रूने न कसता ५ मिमी फोमच्या चौकटीत बसवा. सुट्या लिथियम सेल डोक्याजवळ ठेवू नका, वायर मानेमागून कंबरेकडे न्या आणि मध्ये ओढल्यावर सुटणारा जोड ठेवा.

पंखा असला तरी २० ते ३० मिनिटांनी हेल्मेट काढा आणि पाणी प्या. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं यांपैकी काहीही वाटलं तर लगेच काढायचं. सोबतच्या माणसाला ते कसं काढायचं हे आधी दाखवून ठेवा.

पट्टा आणि चढवणं

चेहरा उघडा असलेल्या हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच. दोन जागी बांधलेला पट्टा हेल्मेटला त्याच दोन बिंदूंभोवती फिरू देतो, म्हणून चार जागी बांधा: कानाच्या पुढे दोन, मागे दोन, खाली एकत्र येऊन एक बक्कल. २० मिमी विणलेली पट्टी पुरे. हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जायला हवीत. पट्टा आवळून डुलणं थांबवू नका, जबडा दुखेल आणि मागचा दोष तसाच राहील.

पूर्ण बंद हेल्मेट चढवताना नाक आणि कान सोलवटत असतील तर ते मानेच्या बाजूला अरुंद आहे. नाकाच्या शेंड्यापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर डोक्याच्या लांबीपेक्षा सुमारे २ ते ३ सेंमी जास्त असतं. तिरपं करून थोडी जागा मिळते, पण फार नाही. अशा वेळी मागचा भाग वेगळा कापा आणि १० × ३ मिमीच्या निओडिमियम चुंबकांच्या चार ते सहा जोड्यांनी धरा. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोडी एकमेकींना लावून वरच्या बाजूंना मार्करने खूण करा, एक उलटा बसला तर तो उखडावा लागतो. एपॉक्सीच वापरा: साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर ताकद गमावतात आणि हॉट ग्लू त्याहून बराच गरम असतो. पेसमेकर असलेल्यांनी चुंबक टाळावेत, आणि सुटा चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

धुणं

गाद्या काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत पूर्ण वाळवा. आत घालायची पातळ टोपी दर वापरानंतर धुतली तर गाद्यांना क्वचितच हात लावावा लागतो. परत लावताना टाळूच्या तुकड्यांची जाडी मोजा. सुरुवातीच्या मापापेक्षा ती ५ मिमीहून जास्त घटली असेल तर फक्त वरचा मेमरी फोम बदला, खालचा ईव्हीए बहुधा अजून चांगला असतो.